सहा सिलिंडरांची मोटार आणि गडहिंग्लजचा रस्ता

श्रोतेहो, गडहिंग्लजला रेल्वे नाही. पूर्वीही नव्हती, आजही नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रूळ आले आणि तिथेच थांबले. दुसऱ्या अंगाला घटप्रभा आणि बेळगाव. हिरण्यकेशीच्या आसपासचा हा सगळा मुलूख, म्हणजे गडहिंग्लज, आजरा, चंदगड, दोन्ही रुळांच्या मध्ये कोरडाच राहिला. गूळ, मिरची, शेंगा बाजारात यायच्या त्या बैलगाडीतून. आंबोलीचा घाट उतरून माल कोकणात जाई आणि येताना मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे. गाडीवान चार-चार दिवस घराबाहेर असे.

ह्या मुलखाची रेल्वे झाली ती मोटार. आणि मोटार म्हणजे, निदान १९३०पासून पुढची वीस-पंचवीस वर्षे, बव्हंशी सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. आज मी त्या इंजिनाविषयीच बोलणार आहे. शेवरलेट, बेडफर्ड, डॉज, फारगो ही नावे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत, त्यांना ती गाडी डोळ्यांपुढे येईल; पण बॉनेटखाली काय होते आणि ते आपल्या रस्त्याला का मानवले, हे फारसे कोणी सांगत नाही.

आधी इंजिनाचे काम कसे चालते ते पाहू. शिक्षकमित्रांना हे फळ्यावर काढून दाखवता येईल. सिलिंडर म्हणजे लोखंडी नळकांडे. त्यात दट्ट्या वरखाली होतो. तो एकदा खाली येताना पेट्रोलची वाफ आणि हवा आत ओढतो. वर जाताना ती दाबतो. मग ठिणगी पडते, वायू भडकतो आणि दट्ट्याला जोराने खाली ढकलतो. पुन्हा वर जाताना जळका धूर बाहेर लोटतो. चार फेऱ्यांत कामाची फेरी एकच. बाकीच्या तीन फेऱ्या म्हणजे नुसता खर्च! म्हणून एक सिलिंडर असेल तर इंजिन ठेचकाळत चालते आणि त्याला रेटत ठेवायला जड चाक लावावे लागते. आपल्या विहिरीवरचे जुने ऑईल इंजिन आठवा. फट् झाले की पुढचे फट् होईपर्यंत ते चाकाच्याच जोरावर फिरत असते.

आता उखळात पोहे कांडणाऱ्या बायका पाहा. एकटी कांडत असेल तर मुसळ वर गेले की उखळ रिकामे. तिघी कांडू लागल्या की एकीचे मुसळ उचलते तोवर दुसरीचे पडते. घाव सुटे ऐकू न येता एक चाल लागते. सहा सिलिंडरांचे तेच. क्रँकचे दोन फेरे होतात तेवढ्यात सहा स्फोट होतात, म्हणजे एका फेऱ्यात तीन. चार सिलिंडरांच्या इंजिनात फेऱ्यात दोनच होतात आणि एकाचा जोर संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत बारीकशी फट राहते. सहांमध्ये ती फट राहत नाही. एकाचा जोर ओसरायच्या आत दुसरा खांदा देतो.

हे स्फोट एकापाठोपाठ एक ओळीने होत नाहीत. तसे केले तर क्रँकच्या एकाच टोकाला लागोपाठ हिसके बसतील. म्हणून क्रम लावला आहे: एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. ज्याने म्हणून ह्या गाड्यांवर हात काळे केले, त्याला हा क्रम पाठ. लिहिता-वाचता न येणारा क्लीनरसुद्धा प्लगच्या तारा लावताना तो पुटपुटे. शिवाय ह्या सहांमध्ये पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे जोडीने वरखाली होतात. पुढच्या तिघांची हालचाल आणि मागच्या तिघांची हालचाल आरशातल्यासारखी एकमेकींची उलट, त्यामुळे दट्ट्यांचे हिसके आतल्या आत फिटतात. इंजिन थरथरत नाही. लाकडी बॉडीच्या मोटारीला हे फार मोठे सुख होते. थरथरीने आधी खिळे सुटतात, मग फळ्या.

सहा सिलिंडर १९२९च्या आधी नव्हते असे मुळीच नाही. पण ते श्रीमंतांच्या गाड्यांना असत. सामान्य माणसाची गाडी म्हणजे फोर्डची टी, १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेली, चार सिलिंडरांची आणि वीस अश्वशक्तीची. तिला मागे टाकायचे ठरवून जनरल मोटर्सने १९२९ सालासाठी शेवरलेटचे नवे इंजिन काढले. चाराच्या किमतीत सहा, अशी त्याची जाहिरात होती आणि ती खोटी नव्हती. पहिल्याच वर्षी तेरा लाखांहून अधिक गाड्या खपल्या. १९४ घनइंच, म्हणजे सुमारे ३२०० घन सेंटिमीटरचे इंजिन आणि ४६ अश्वशक्ती. आज एवढ्या आकाराच्या इंजिनाची एवढीच शक्ती ऐकून मुले हसतील. हसू द्यावे. ही शक्ती कमी फेऱ्यांवर मिळत असे, हे मात्र त्यांना सांगावे. सावकाश फिरणारे इंजिन भरल्या गाडीला चढावर ओढते, दर वळणाला गिअर पाडावा लागत नाही. त्या काळच्या लॉरीला गिअर पाडणे म्हणजे डबल क्लचची कसरत होती. चुकले की दाते करकरत.

स्वस्त करायचे म्हणून ह्या इंजिनात काही गोष्टी मुद्दाम साध्या ठेवल्या होत्या. दट्टे ॲल्युमिनियमचे न करता बिडाचे ओतले. स्क्रू साध्या खाचेचे, घरातल्या शेगडीला असतात तसे. त्यावरून अमेरिकेत ह्या इंजिनाला शेगडीच्या बोल्टांचे इंजिन असे टोपणनाव पडले. व्हाल्व मात्र वर, हेडमध्ये बसवले. हा निर्णय शहाणपणाचा होता. हेड उचलले की सगळे व्हाल्व हातात येतात. ओट्यावर ठेवावे, काजळी खरवडावी, पेस्ट लावून हाताने घासावे आणि परत बसवावे. एका दिवसाचे काम.

तेलाची व्यवस्था मात्र कोणी काटकसरी सासूने लावून द्यावी तशी होती. दट्ट्याला क्रँकशी जोडणारा जो दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी. खाली तेलाची पन्हळ. दांडा फिरताना पळी पन्हळीत बुडे आणि तेवढे तेल बेअरिंगला मिळे, बाकीचे उडून सिलिंडरला लागे. पंपाने दाबून प्रत्येक दांड्यापर्यंत तेल पोचवण्याची सोय त्यात नव्हती. १९३७ साली शेवरलेटने हे इंजिन नव्याने बांधले, ते २१६ घनइंचांचे आणि ८५ अश्वशक्तीचे केले, क्रँकला तीनाच्या जागी चार आधार दिले. तरी पळी राहिलीच. ती पुरती गेली १९५३च्या सुमारास. म्हणजे आपल्या रस्त्यावर जी शेवरलेट धावली, ती ह्याच पळीवर.

आणि रस्ता कसला! कोल्हापूरहून निघालेली मोटार कागलला जहागिरीत शिरे, निपाणी आणि संकेश्वर हा ब्रिटिशांचा बेळगाव जिल्हा, गडहिंग्लजला पुन्हा कोल्हापूर दरबारची हद्द, आजरा इचलकरंजीकडे, आणि आंबोलीला सावंतवाडी संस्थान. एका प्रवासात इतक्या सत्ता. खडी-मुरमाचा रस्ता, पावसाळ्यात ओढ्यांना पाणी, आणि शेवटी समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीहून दाणोलीकडे कोसळणारा घाट. घाट उतरणे ब्रेकांचे काम. चढणे हे इंजिनाचे. भरलेली गाडी घाट चढू लागली की रेडिएटर उकळे आणि क्लीनर पाण्याचा डबा घेऊन उतरे, उतरताना मागच्या चाकाला दगड लावायला विसरत नसे. तेल थोडे कमी पडले तर पळी कोरडी फिरे. मग इंजिनातून ठोका येई. आधी बारीक, मग घणासारखा. ड्रायव्हर गाडी थांबवी. जो थांबवत नसे त्याचा दांडा इंजिनाची कूस फोडून बाहेर येई.

आता माझे म्हणणे नीट ऐका. ह्या दोषानेच आपल्याकडे मिस्त्री घडवला.

दांड्याच्या टोकाचे बेअरिंग म्हणजे विकत मिळणारी वस्तू नव्हती. दांड्यातच कथिलाचा मिश्रधातू ओतलेला असे. कथील, त्यात थोडे अँटिमनी आणि तांबे. ह्याला वाइट मेटल म्हणत. मऊ धातू, त्यामुळे झिजला तर तो झिजतो, क्रँक वाचतो. दोन्ही अर्ध्या भागांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या शिम असत. झीज झाली की एक शिम काढायची, टोपी आवळायची, ठोका बंद. शिम संपल्या की जुना धातू वितळवून काढायचा आणि नवा ओतायचा. त्यासाठी भट्टी लागते, कढई लागते, आणि नजर लागते. धातू किती तापला हे पाहायला लाकडाची काडी त्यात बुडवायची: ती करपली पाहिजे, पण पेटता कामा नये. ओतून झाल्यावर क्रँकला निळ लावायची, दांडा बसवून फिरवायचा आणि जिथे निळ उठेल तिथे स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा निळ, पुन्हा खरवड. सगळीकडे सारखी निळ उठेपर्यंत.

श्रोतेहो, हे काम कोणाला येण्यासारखे होते? ज्याच्या घरी भाता होता त्याला. ज्याने कढईला कल्हई केली होती, विळ्याला पाणी दिले होते, गाडीच्या चाकाला धाव चढवली होती त्याला. लोहार, सुतार, तांबट यांच्या मुलांना ह्या इंजिनात अनोळखी असे थोडेच होते. विजेचा भाग नवा, बाकी सगळे आगीचे आणि हाताचे काम. कंपनीचा इंजिनियर मुंबईला आणि बिघाड आजऱ्याच्या पुढे. तेव्हा रस्त्याकडेच्या झाडाखालीच इंजिनाचे पोट उघडे. अशा उघडलेल्या इंजिनाभोवती जी पोरे उभी राहिली, त्यांतून एका पिढीचे मिस्त्री झाले. त्यांची नावे कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. इंजिनाचा आराखडा करणाऱ्यांची आहेत.

कोल्हापुरात त्याच काळात दुसरेही एक सहा सिलिंडरांचे इंजिन होते. छत्रपती राजाराम महाराजांची जर्मन मेबॅक कोल्हापूरकरांनी दसऱ्याच्या मिरवणुकीत पाहिलेली आहे. तिचे इंजिन सुमारे ३८०० घन सेंटिमीटरचे, शक्ती १४० अश्व. आकारात शेवरलेटपेक्षा थोडेसे मोठे, पण जोर दीडपटीहून जास्त. कारण ते वेगाने फिरते आणि त्याचे घडणकाम घड्याळासारखे. सुंदर वस्तू आहे, तिचा अभिमान वाटावा अशीच. पण मिरचीची पोती घेऊन ती गडहिंग्लजहून निघाली असती, तर निपाणीच्या पुढे तिला हात कोणी लावला असता?

ह्या शेवरलेट येत कुठून? जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईला शिवडीत जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने येत, सांगाडा आणि इंजिन इथे जुळे. बसची बॉडी बहुधा देशी सुतार बांधत. सागवानी चौकट, वर पत्रा, आत फळीची बाके. सर्व्हिस मोटार म्हणजे ही. ती भरल्याशिवाय सुटत नसे, वेळापत्रक हे मालकाच्या मनात असे.

मग युद्ध आले. १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि पेट्रोलवर जगणारे इंजिन उपाशी पडले. तेव्हा मोटारीच्या मागे किंवा बाजूला लोखंडी टाकी बसवली गेली. टाकीत लाकडी कोळसा पेटवायचा, हाताच्या पंख्याने फुलवायचा, आणि अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा. हा वायू म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, थोडा हायड्रोजन, आणि निम्म्याहून अधिक न जळणारा नायट्रोजन. त्यामुळे इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्याने उतरे. शिवाय गाळणीतून निसटलेली राख रिंगा आणि सिलिंडर खाई. आणि तो वायू विषारी. बंद शेडमध्ये टाकी पेटवणे म्हणजे जिवाशी खेळ. तरीही गाड्या चालल्या. मूळ इंजिन थोड्या दाबाचे, ढिले, सोशीक होते म्हणून चालल्या. पेट्रोल गव्हर्नमेंटच्या हाती, पण कोळसा आपल्या रानात. सपाटीवर मोटार पळे, चढ आला की उतारू खाली उतरत आणि वर जाऊन मोटारीची वाट पाहत उभे राहत. जुन्या माणसांना ह्या गाड्यांचे हसू येई आणि रागही येई. पण लग्नाचे वऱ्हाड आणि बाळंतपणाची अडलेली बाई ह्यांना दुसरे साधन नव्हते.

इथे थोडे दूर, जपानला जाऊन येऊ. १९३३ साली किइचिरो टोयोडा यांनी एक शेवरलेट विकत घेतली आणि तिचे इंजिन सुटे करून नमुना म्हणून समोर ठेवले. पुढच्या वर्षी त्यांचे स्वतःचे इंजिन उभे राहिले, ३३८९ घन सेंटिमीटर, सहा सिलिंडर, त्याच धाटणीचे. १९३५ साली त्यावर मोटार आणि लॉरी दोन्ही निघाल्या. टोयोटाचा आरंभ तो. तेच इंजिन आपल्या मिस्त्रींनीही शेकडो वेळा सुटे केले होते. फरक बुद्धीचा नव्हता. त्यांच्या पाठीशी ओतशाळा, भांडवल आणि स्वतःचे सरकार होते. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी युद्धाच्या आधीपासून मोटारीच्या कारखान्याचा ध्यास घेतला होता, पण इंग्रज सरकारने युद्धाचे निमित्त सांगून साथ दिली नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. डॉज आणि फारगो लॉऱ्या तिथल्या. त्यांचेही इंजिन सहाच सिलिंडरांचे, फक्त व्हाल्व बाजूला. व्हाल्व घासायला जरा वाकावे लागे, एवढेच.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सरकारी वाहतुकीची पहिली बस सुटली. निळ्या-रुपेरी रंगाची, तीस जागांची बेडफर्ड. आता बेडफर्ड इंग्लंडची म्हणून ती परकी समजू नका. जनरल मोटर्सने १९२५ साली इंग्लंडची व्हॉक्सहॉल कंपनी घेतली, १९३१पासून तिच्या लॉऱ्या बेडफर्ड नावाने निघू लागल्या, आणि त्यांत बसवले ते शेवरलेटच्याच घराण्यातले सहा सिलिंडरांचे इंजिन. पण इंग्रजांनी एक सुधारणा केली: पळी काढून टाकली आणि पंपाने थेट दांड्यापर्यंत तेल दाबले. त्या बसच्या काळातले हे इंजिन साडेतीन लिटरचे, ७२ अश्वशक्तीचे. शेवरलेटवर शिकलेल्या मिस्त्रीला बेडफर्ड उघडताना नवे असे तेवढेच सापडले. आरंभी एस.टी.कडे शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडिबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहा जातींच्या गाड्या होत्या. एका जातीचा सुटा भाग दुसरीला बसत नाही; डेपोतल्या स्टोअरकीपरची काय दैना झाली असेल याची कल्पनाच करावी. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. कागल, गडहिंग्लज, आजरा, आंबोली एका राज्यात आली, आणि खाजगी सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले.

पेट्रोलच्या सहा सिलिंडरांना खरा धक्का मात्र डिझेलने दिला. मद्रासच्या सिम्प्सन कंपनीमार्फत पर्किन्सचे पी-सिक्स डिझेल इंजिन मिळू लागले आणि कितीतरी लॉरीमालकांनी जुन्या गाडीचे पेट्रोल इंजिन उतरवून ते चढवले. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर करार करून मर्सिडीज लॉरी आणली. तिचे इंजिन ४५८० घन सेंटिमीटर, शंभर अश्वशक्ती. त्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीची जुळणी बंद केली. गंमत पाहा, पर्किन्स काय आणि टाटा-मर्सिडीज काय, सिलिंडर सहाच. क्रमसुद्धा तोच, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. गेली ती ठिणगी. डिझेलमध्ये हवाच इतकी दाबली जाते की ती तापते आणि तेल आत शिरताच आपोआप पेटते. तेच वजन तेवढेच अंतर न्यायला इंधन पुष्कळ कमी लागते. गुळाच्या ढेपेमागे भाडे उतरले; शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळाले. ह्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणा होईल.

पण एक गोष्ट रस्त्यावरून उठून गेली. डिझेलचे मर्म त्याच्या पंपात आणि नोझलमध्ये असते. त्यातले भाग केसाहून बारीक अंतराने एकमेकांत बसवलेले. धुळीचा कण गेला की पंप खराब. तो झाडाखाली उघडता येत नाही. त्याला बंद खोली, तपासणीचे यंत्र आणि ते यंत्र जाणणारा माणूस लागतो. बेअरिंगेही तयार येऊ लागली, झिजली की टाकायची आणि नवी घालायची. भट्टी, कढई, करपणारी काडी आणि निळ ह्यांचे काम राहिले नाही. ज्या मिस्त्रीने पंचवीस वर्षे सगळे इंजिन आपल्या अंगणात उघडले आणि मिटले, तो आता पंपापाशी येऊन थांबला. पंप उतरवून फडक्यात गुंडाळायचा, कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.त कंडक्टरच्या स्वाधीन करायचा, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत लॉरी बाजारपेठेच्या कडेला उभी.